पिळाचा हिशेब

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘ताण’ हा विषय कळवला आणि सोबत एक अट घातली: मनाच्या ताणावर लिहिणारे पुष्कळ मिळतील, तुम्ही हाताला लागणारा ताण शोधा. वाशीमकडच्या माणसाला त्यासाठी लांब जावं लागत नाही. विहिरीवरच्या दोरापासून ट्रकवर सोयाबीनची पोती आवळणाऱ्या दोरखंडापर्यंत तो रोज दिसतो. पण दीड-पावणेदोन मीटरच्या एका दोरीत तो मिलिमीटरच्या मापाने भरायचा, असं काम धनुर्विद्येच्या मैदानावरच चालतं. म्हणून पोळ्याच्या आधीच्या एका सकाळी शहराबाहेरच्या अशा एका मैदानावर गेलो.

अर्धा सेंटिमीटर

रात्री पाऊस होऊन गेला होता. मैदानाच्या कडेने गवत गुडघाभर वाढलेलं, पलीकडच्या वावरात सोयाबीन शेंगांवर आलेलं. टिनाच्या शेडखाली मुलं धनुष्य जोडत होती. बॅगेतून आधी रायझर निघतो, म्हणजे मधला मुठीचा धातूचा भाग. त्याच्या वरच्या-खालच्या खाचांत दोन लिंब्स, म्हणजे धनुष्याच्या लवणाऱ्या भुजा, बसतात. मग स्ट्रिंग चढते. या धनुष्याची टोकं नेमबाजापासून दूर, पुढच्या बाजूला वळलेली असतात. त्याला रिकर्व्ह म्हणतात. ऑलिंपिकमध्ये आपण पाहत आलो तो हाच प्रकार.

आठवीतली एक मुलगी दोन बाण मारून परत आली.

“सर, धनुष्य आज आवाज करून रायलं.”

“माप किती आलं?”

“घेतलं नाई.”

“मंग पयले माप घे. आवाजाचं मागून पाहू.”

माप घ्यायचं साधन म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची पट्टी. तिला बो-स्क्वेअर म्हणतात. तिची आडवी बाजू स्ट्रिंगवर चिमट्यासारखी बसते आणि लांब दांडी मुठीच्या सर्वांत खोलगट भागापर्यंत पोहोचते. स्ट्रिंग आणि मूठ यांमधलं हे अंतर म्हणजे ब्रेस हाइट. मुलीने डोळा पट्टीला लावला. २१.१ सेंटिमीटर. तिच्या वहीत, पहिल्या पानावर, निळ्या शाईत लिहिलं होतं २१.६.

तिने स्ट्रिंगर काढला. हा एक जाड पट्टा असतो, दोन्ही टोकांना खिसे शिवलेले. खिसे धनुष्याच्या टोकांवर चढवून तिने पट्टा पायाखाली दाबला आणि मूठ वर ओढली. लिंब्स वाकली, स्ट्रिंग सैल पडली, वरचा लूप लिंबवरून खाली सरकला. मग खालच्या टोकाचा लूप तिने काढला आणि काढताक्षणी चिमटीत दाबून धरला. हा लूप हातातून सुटला तर स्ट्रिंग गरगरत उलगडते आणि किती पीळ होते याचा पत्ताच लागत नाही. आधीच्याच दिशेने तिने चार फेरे दिले. लूप परत खाचेत, स्ट्रिंगर पुन्हा पायाखाली, पट्टी पुन्हा स्ट्रिंगवर. २१.४.

“आनखी दोन दे.”

२१.६ आलं. तिने तीन बाण सोडले. सुरुवातीला येणारा फटकन् आवाज, त्यामागून लिंब्सची थरथर, हे दोन्ही गेलं. राहिला एक बुटका, भरीव ठप्प. सरांनी मान हलवली आणि दुसऱ्या मुलाकडे वळले. वहीत तिने तारीख घालून पुढे लिहिलं: सहा पीळ वाढवले.

या सगळ्याला खर्च शून्य. वेळ पाच-सात मिनिटं.

मूठ आणि स्ट्रिंग यांमधली जागा

या अर्ध्या सेंटिमीटरने काय होतं ते समजायला बाण सुटतानाचा क्षण मनात संथ करून पाहावा लागतो.

ओढलेली स्ट्रिंग सुटली की ती बाणाला ढकलत पुढे येते. स्ट्रिंग आपल्या विश्रांतीच्या जागी पोहोचते त्या सुमारास बाण तिच्यापासून वेगळा होतो. म्हणजे ब्रेस हाइट कमी असेल तर स्ट्रिंगला जास्त अंतर कापायला मिळतं, ती बाणाला जास्त वेळ ढकलते, बाण थोडा वेगाने जातो. ब्रेस हाइट वाढली की ढकलण्याचं अंतर कमी, बाण लवकर मोकळा, वेग किंचित कमी.

ऐकताना वाटतं की मग मोजमाप कशाला, माप कमीच ठेवावं. पण बाण जितका जास्त वेळ स्ट्रिंगवर, तितका जास्त वेळ नेमबाजाच्या हाताच्या चुका त्याच्यावर उतरत राहतात. मूठ किंचित फिरली, बोटं नीट सुटली नाहीत, खांदा ढिला पडला, हे सगळं बाण सोबत घेऊन जातो. माप फारच खाली आलं तर स्ट्रिंग हाताच्या आतल्या बाजूला सपकन बसते, आणि त्याचा काळानिळा वळ आठवडाभर राहतो. उलट माप फार चढवलं तर लिंब्सवर कायमचा जादा भार येतो आणि वेग हकनाक जातो.

त्यात आणखी एक गुंता आहे. बोटांवरून घसरताना स्ट्रिंग सरळ पुढे येत नाही, थोडी बाजूला सरकून येते. त्या धक्क्याने बाण वाकतो, मग उलट्या बाजूला वाकतो, आणि असा लवलवत रायझरला वळसा घालून बाहेर पडतो. डोळ्यांना हे दिसत नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने ते टिपलं. बाणाने नेमकं कोणत्या वळणावर असताना स्ट्रिंग सोडावी, हे ठरवणाऱ्या गोष्टींत ब्रेस हाइट येते. योग्य क्षणी सुटला तर बाणाची पिसं कशालाही न घासता निघतात. क्षण चुकला तर शेपूट रायझरला चाटून जातं.

चाटलं तर काय? ऑलिंपिकमध्ये रिकर्व्हचं लक्ष्य ७० मीटरवर असतं. १२२ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीत दहा गुणांचं पिवळं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. दिशेत अंशाच्या दहाव्या भागाचा फरक पडला तर ७० मीटरवर बाण साधारण तेवढाच, बारा सेंटिमीटर, सरकतो. एक दशांश अंशाची किंमत अख्खं दहाचं वर्तुळ. म्हणून ज्या मुलीला अजून ३० मीटरवरच मारायचं आहे तिच्याकडूनही सर वही लिहून घेतात.

माप किती असावं याचं एकच उत्तर नाही. धनुष्याच्या लांबीप्रमाणे ते बदलतं. ईस्टन या बाण बनवणाऱ्या कंपनीच्या मार्गदर्शिकेत ६६ इंची धनुष्याला सुमारे २१.३ ते २१.९ सेंटिमीटर आणि ७० इंचीला २१.९ ते २२.५ सेंटिमीटर अशी सुरुवातीची मर्यादा दिलेली आहे. दुसऱ्या कंपन्या थोडं वर-खाली सांगतात. या मर्यादेत आपल्या धनुष्याचा, आपल्या बाणाचा, आपल्या हाताचा आकडा शोधायचा असतो, आणि तो शोधायची चावी म्हणजे पीळ.

अंबाडीचा कासरा

पोळ्याच्या आधीच्या बाजारात वाशीमला बैलांच्या साजाची दुकानं लागतात. वेसण, कासरे, मठाट्या, गोंडे, घुंगरांचे पट्टे. आता बहुतेक माल नायलॉनचा आणि झगझगीत रंगांचा. तरी कुठेतरी एखादा म्हातारा अंबाडीचे कासरे घेऊन बसलेला दिसतो. धुऱ्यावर दोन-चार ओळी अंबाडी पेरायची, भाजीला पानं खुडायची, बोंडांची चटणी करायची, आणि शेवटी ताटं पाण्यात कुजवून वाख काढायचा, ही वऱ्हाडातली जुनी रीत. त्याच वाखाचा दोर वळायचा.

अंबाडीचा एकेक तंतू बोटांनी ओढला तर तुटतो. पीळ दिला की तंतू एकमेकांना दाबतात, निसटू देत नाहीत, आणि त्याच कासऱ्याने बैल थोपवतात. धनुष्याच्या स्ट्रिंगमध्ये हेच काम थोड्या वेगळ्या कारणाने होतं. तिचे धागे कृत्रिम, अखंड, टोकापासून टोकापर्यंत एकसंध. निसटायचा प्रश्न नाही. पण सोळा-अठरा-वीस धागे नुसते शेजारी ठेवले तर सगळ्यांवर सारखा ताण येत नाही. एखादा जास्त ओढला जातो, एखादा ढिला लोंबतो. पीळ दिल्यावर प्रत्येक धागा आळीपाळीने आत-बाहेर फिरतो आणि भार वाटला जातो. स्ट्रिंग गोल होते, हवेत फडफडत नाही.

दुसरं काम लांबी कमी करण्याचं. वळलेला दोर न वळलेल्यापेक्षा आखूड, हे कासरा वळणाऱ्याला कुणी शिकवत नाही. वाख घेतानाच तो लांब घेतो. स्ट्रिंग आखूड झाली की लिंब्स जास्त वाकतात, स्ट्रिंग मुठीपासून दूर जाते, ब्रेस हाइट वाढते. पीळ काढला की उलट. पीळ वाढवा, माप चढेल. पीळ काढा, माप उतरेल. शिकणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी एवढंच सांगतात, आणि ते पुरेसं असतं.

पण त्यातला बारकावा मला मोठा देखणा वाटतो. प्रत्येक पीळ सारखं काम करत नाही. पिळलेल्या धाग्याचा मार्ग मनातल्या मनात उलगडून कागदावर पसरला तर काटकोन त्रिकोण मिळतो: एक बाजू स्ट्रिंगची लांबी, दुसरी बाजू सगळ्या फेऱ्यांचा मिळून झालेला परीघ, आणि धागा म्हणजे कर्ण. पायथागोरसचा सिद्धान्त लावला की दिसतं, आखडणं फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दहा पिळांनी स्ट्रिंग जेवढी आखडते त्याच्या सुमारे चौपट ती वीस पिळांनी आखडते, तीस पिळांनी नऊपट. म्हणून नव्या, कमी पिळाच्या स्ट्रिंगला पाच फेरे दिले तर पट्टीवर काटा हललाच नाही असं वाटतं, आणि आधीच भरपूर पीळ असलेल्या स्ट्रिंगला तेच पाच फेरे दिले तर माप टुणकन वर जातं. सर प्रत्येक वेळी दोन-चार फेऱ्यांनंतर थांबायला लावतात ते याचमुळे. मैदानावरच्या मुलांना हा सिद्धान्त शाळेत शिकवून झालेला आहे. त्याची सांगड कुणीतरी फळ्यावर घालून द्यायला हवी.

पिळालाही हद्द आहे. दहा-बाराच्या खाली गेलं तर धागे सुटे सुटे दिसू लागतात, स्ट्रिंग आवाज करते, लवकर विसविशीत होते. वीस-पंचवीसच्या आसपास बहुतेक जण समाधानी असतात. चाळिसाच्या पुढे जावं लागत असेल तर अनुभवी माणूस म्हणतो, स्ट्रिंगच लांब आहे, दुसरी आणा. कारण फार पिळलेली स्ट्रिंग स्प्रिंगसारखी ताणू लागते. बाणाला मिळायची शक्ती ती स्वतःच खाते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. इथे मात्र पीळ जपला नाही तर सहज जातो.

दिशेचीही एक खूण आहे. स्ट्रिंगच्या मधोमध, जिथे बाणाची खाच बसते, तिथे वेगळा दोरा घट्ट गुंडाळलेला असतो. त्याला सर्व्हिंग म्हणतात. पीळ अशा बाजूनेच द्यायचा की हे गुंडाळणं आवळत जाईल. उलट्या दिशेने पिळलं तर सर्व्हिंग सैल होतं, बाण बसण्याची जागा सरकते, आणि मुलाला कळत नाही की कालपर्यंत लागणारे बाण आज वर का जाताहेत.

पिळाशिवायचं धनुष्यही महाराष्ट्रात आहे. सातपुड्यातल्या भिल्लांच्या धनुष्याला बांबूची चिरलेली पातळ पट्टीच दोरी म्हणून लावतात. तिला पीळ देता येत नाही. लांबी काय ती गाठीतच ठरते, म्हणून सगळं कसब पट्टी तासण्यात आणि बांधण्यात.

आणि वाशीमपुरतं बोलायचं तर धनुष्याशी या मातीचा संबंध फार जुन्या काळापर्यंत नेता येतो. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची बरीच लेणी कोरली, रंगवली गेली. १७ व्या लेण्यात श्याम जातकाची कथा चितारलेली आहे. आंधळ्या आईवडिलांसाठी पाणी आणायला गेलेल्या मुलाला शिकारी राजाचा बाण लागतो, ती कथा.

अमरावतीतली एक खोली

स्ट्रिंग मुळात बनते कशी हे पाहायला अमरावतीला गेलो. मंगरूळपीर, कारंजा, बडनेरा असा रस्ता. विदर्भात व्यायामाची आणि मैदानी खेळांची जी मुळं आहेत त्यांतलं मोठं अमरावतीत आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची, आणि त्यांच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतलं धनुर्विद्येचं प्रशिक्षणही याच शहरात.

धनुर्धर प्रवीण जाधव इथेच घडले. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातलं सरडे हे त्यांचं गाव. आईवडील मजुरी करणारे. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी मुलाला खेळाकडे वळवलं. सुरुवात धावण्याने झाली, पुढे क्रीडा प्रबोधिनीत धनुष्य हाती आलं आणि मुक्काम अमरावतीला पडला. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय, अतनू दास आणि प्रवीण यांच्या संघाने रौप्य मिळवलं. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत प्रवीण ७२० पैकी ६५६ गुणांसह ३१ वे आले, भारतीय पुरुषांत सर्वांत पुढे. पुढे त्यांनी रशियाच्या गाल्सान बाझारझापोव्हला ६-० ने हरवलं आणि अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून त्याच फरकाने हरले. मजुराच्या मुलाने महागडा खेळ जिंकला अशी ही कहाणी नेहमी सांगितली जाते. ती खरीच आहे. पण त्या कहाणीत एक शिक्षक, एक वसतिगृह आणि रोज धनुष्य तपासून घेणारी माणसं होती, हा भाग सांगताना घाई केली जाते.

मी गेलो ती एका जुन्या प्रशिक्षकांची खोली. नाव छापू नका म्हणाले. भिंतीला खिळे, खिळ्यांना स्ट्रिंग लटकलेल्या, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी: लांबी, धागे, पीळ, तारीख. टेबलावर लोखंडी चौकट, तिच्या दोन टोकांना फिरणारे खुंट. हे स्ट्रिंग जिग. एका लोहाराकडून करून घेतलेलं.

धागा एका खुंटाला अडकवून त्यांनी फेरे घालायला सुरुवात केली. नऊ फेरे म्हणजे अठरा धागे. ओढ प्रत्येक फेऱ्याला सारखी ठेवायची. “इथंच बिघडते,” ते म्हणाले. “एक धागा ढिला रायला तर मंग वरून कितीक पीळ द्या, तो ढिलाच.” खुंट काटकोनात फिरवले, टोकाचा भाग गुंडाळून लूप तयार केले, मेण लावलं आणि कापडाच्या तुकड्याने इतकं चोळलं की मेण गरम होऊन धाग्यांत मुरलं. मग स्ट्रिंग चौकटीतून काढली, मोजून वीस पीळ भरले, धनुष्यावर चढवली आणि ओढून धरली. मधलं सर्व्हिंग सर्वांत शेवटी. त्यावर बाणाची खाच बसवून पाहिली. बाण स्ट्रिंगला लटकला पाहिजे, आणि बोटाने हलकी टिचकी मारली की पडला पाहिजे. तो पडला नाही. त्यांनी सर्व्हिंग उसवलं आणि बारीक दोरा घेऊन पुन्हा गुंडाळलं.

६६ इंची धनुष्याला ६३ इंचांच्या आसपासची स्ट्रिंग लागते. धनुष्यापेक्षा साधारण तीन इंच कमी, हा नियम. तयार स्ट्रिंग दुकानात मिळते, पण ती नेमकी बसेलच असं नाही, आणि तेवढ्यासाठी पुण्या-मुंबईला पार्सल पाठवत बसायचं का, असा त्यांचा प्रश्न. खेळाडूने स्वतः एकदा तरी स्ट्रिंग बांधली पाहिजे यावर ते ठाम आहेत. “ज्यानं बांधली त्याले पीळ कुठून कसा फिरते ते समजते. मंग स्पर्धेत हात थरथरत नाही.”

स्पर्धेला जाताना प्रत्येक खेळाडूजवळ दुसरी स्ट्रिंग असते, तीही आधी बरेच बाण मारून मुरवलेली. नवी कोरी स्ट्रिंग पहिल्या काही डझन बाणांत ताणते आणि माप उतरतं. दोन्ही स्ट्रिंगचं माप, पीळ, नॉकिंग पॉइंटची, म्हणजे बाणाची खाच बसते त्या जागेची, उंची एकसारखी जुळवून ठेवली नाही तर सामन्यात एक तुटल्यावर दुसरी नवीनच धनुष्य होऊन बसते.

कानाने जुळवणं

आपला आकडा शोधायची पद्धत सगळीकडे जवळपास सारखी. मर्यादेच्या खालच्या टोकापासून सुरू करायचं. पाच-सहा बाण मारायचे. आवाज ऐकायचा, मुठीत येणारी थरथर जाणवून घ्यायची, बाण किती जवळजवळ लागताहेत ते पाहायचं. मग तीन-चार पीळ वाढवायचे, माप लिहायचं, पुन्हा बाण. असं चढत गेलं की एका ठिकाणी धनुष्य शांत होतं. त्याच्याही पुढे गेलं की आवाज परत खराब होतो. मधली ती जागा वहीत पक्की करायची.

मी शेडच्या मागे उभा राहून, पाठ फिरवून ऐकलं. सुरुवातीला सगळे आवाज सारखे. थोड्या वेळाने एका मुलाच्या धनुष्याला शेवटी बारीकशी झणझण आहे हे कळू लागलं. त्याने पट्टी लावली तेव्हा माप तीन मिलिमीटर खाली होतं. वाद्य लावणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

माप बदललं की इतर गोष्टीही किंचित हलतात. नॉकिंग पॉइंट पुन्हा तपासावा लागतो. ओढीचं वजन जरा बदलतं. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुणी पिळाशी खेळत नाही. काय करायचं ते दोन-तीन आठवडे आधी, आणि एका वेळी एकच गोष्ट. पीळही बदलला, बाणाला बाजूने टेकू देणारा प्लंजरही फिरवला, बाणही नवे घेतले, तर कशाने काय झालं हे कोण सांगणार?

एप्रिलचं ऊन

परदेशी मार्गदर्शिकांत ज्या गोष्टीला एखादी ओळ मिळते तिला वऱ्हाडात आख्खा ऋतू द्यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि उन्हात ठेवलेलं काळं लिंब हाताला चटका देतं.

धाग्यांची गोष्ट इथे कामाला येते. पूर्वी तागासारख्या वनस्पतीच्या, म्हणजे लिननच्या धाग्यांच्या स्ट्रिंग असत. विसाव्या शतकाच्या मध्यात डेक्रॉन आलं, म्हणजे पॉलिएस्टर. ते टिकाऊ, पण ताणणारं. नंतर केव्हलर आलं. ते ताणत नसे, पण वाकण्याच्या जागी, नेमकं बाण बसतो तिथे, अचानक तुटे. १९८० च्या दशकात फास्ट फ्लाइट या नावाने पॉलिइथिलीनचे अतिबळकट धागे आले आणि चित्र पालटलं. डायनीमा हा त्याच कुळातला. वजनाला हलका, ताकदीला पोलादापेक्षा सरस. त्याचा एक दोष आहे: सतत ताणाखाली, त्यात उष्णता असेल तर अधिकच, तो हळूहळू कायमचा लांबतो. म्हणून काही स्ट्रिंगमध्ये न लांबणारा दुसरा धागा मिसळतात.

मैदानावर याचा अर्थ एवढाच की सकाळी सातला घेतलेलं माप दुपारी बाराला खरं राहीलच असं नाही. सर उन्हाळ्यात दोनदा मोजायला लावतात. विश्रांतीच्या वेळी धनुष्य सावलीत, ओल्या फडक्याजवळ नाही, बंद गाडीत तर मुळीच नाही. बंद गाडीच्या उष्णतेने लिंब्सचे थर सुटू शकतात, आणि तो खर्च कुणालाच झेपत नाही. शिकाऊ मुलांच्या लाकडी लिंब्सना डेक्रॉनच लावतात. ते जास्त ताणतं, सुटल्यावरचा धक्का सोसून घेतं, लिंबच्या टोकांना जपतं. त्या बदल्यात पीळ वारंवार द्यावा लागतो. शिकणाऱ्यासाठी हा फायदाच आहे असं मला वाटतं. महिन्याभरात हात बसतो.

पावसाळ्यात मेणाचं महत्त्व वाढतं. मेण सुकलं की धाग्यांवर बारीक लव उठते, पाणी धरतं, स्ट्रिंग जड होते. ज्या मुलीची वही मी पाहिली तिच्या बॅगेत मेणाचा खडा रिकाम्या कंपासपेटीत होता.

चाकांचं धनुष्य आणि आपली मुलं

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने धनुर्विद्येत जे गाजवलं ते बरंचसं कंपाउंड प्रकारात. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मिळवून जगज्जेता झाला. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने त्याच वर्षी मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवून सुवर्ण घेतलं होतं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पुरुष संघाच्या सुवर्णात ओजस आणि प्रथमेश दोघेही होते. आता लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंड मिश्र सांघिक प्रकार येतो आहे. साहजिकच वाशीमच्या मुलांनाही चाकांचं धनुष्य खुणावतं.

त्यात वाईट काही नाही. पण कंपाउंडमध्ये स्ट्रिंगसोबत केबल्स आणि चाकं असतात, ओढ प्रचंड असते, आणि एक पीळ बदलायलाही धनुष्य यंत्रात दाबून धरावं लागतं. ते यंत्र नसेल तर मुलगा दुसऱ्यावर अवलंबून. रिकर्व्ह तेरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हाताने उघडता येतं, बदलता येतं, बिघडवता येतं आणि परत जुळवता येतं. शिकायला याहून चांगलं धनुष्य नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे ज्याला कंपाउंडकडे जायचं त्याने जावं.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आले त्यांत हा एक. सोयाबीन-तुरीवर चालणारं घर मुलीला लाखांच्या घरातला परदेशी संच घेऊन देऊ शकत नाही, आणि खेळासाठी मदत गोळा होते तेव्हा ती बहुधा त्या संचासाठीच होते. संच हवाच. पण मी पाहिलेल्या मैदानावर बो-स्क्वेअर एकच होता आणि तो रांगेने फिरत होता. स्ट्रिंग जिग नव्हतं. तुटलेली स्ट्रिंग बांधून आणायला अमरावती किंवा अकोला गाठावं लागतं, आणि तोवर मुलगी कडेला बसून राहते.

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत, जिथे जिथे मुलं धनुष्य धरतात तिथे, गावच्या लोहाराने करून दिलेलं एक जिग, धाग्याची आणि सर्व्हिंगची एकेक रीळ, दोन स्ट्रिंगर, चार पट्ट्या आणि मेण एवढं ठेवता येईल. सगळं मिळून एका पूर्ण परदेशी संचाहून कमी खर्चात होईल. सोबत एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाला वर्षातून दोनदा बोलावून मुलांकडून स्ट्रिंग बांधून घ्यावी. या खेळासाठी ज्यांना काही द्यायची इच्छा आहे, त्या दुकानदारांना, शिक्षकांना, परगावी नोकरीला गेलेल्या वाशीमकरांना माझी विनंती आहे: या दिवाळीला सत्काराच्या चषकांचे पैसे बाजूला ठेवा आणि जवळच्या मैदानावर जाऊन तिथल्या सरांना विचारा, धागा कोणता लागतो.